जड दार

नव्या गाडीचं दार लावताना जरा जोर लागायचा. जाहिरात लिहिणाऱ्या बाईंनी ते लपवलंच नाही. ‘आमचं दार जड आहे. दुसरी खोड सापडली तर कळवा,’ एवढंच छापलं, आणि गाडीवर लोकांच्या उड्या पडल्या. दार बनवणाऱ्या इंजिनिअरच्या मात्र ते जिव्हारी लागलं. दोन महिने डोकं घालून त्याने दार इतकं हलकं केलं, की बोटाने ढकललं तरी लागावं. मग लोक काय म्हणतात ते बघायला तो स्वतः शोरूममध्ये जाऊन उभा राहिला.

एका आजोबांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडून लावलं.

“जड नाही हो हे.”

“नाहीच,” इंजिनिअर खुलून म्हणाला.

आजोबा बायकोकडे वळले. “चल गं. जाहिरातीत थापा मारतात हे लोक.”