ताटातला विडा

सहभोजन आटोपून वाचनालयाची सभा सुरू झाली, तशी भिंतीला टेकलेल्या सुर्वे सरांना डुलकी लागली. कार्यवाह व्हायला कुणीच तयार होईना, म्हणून त्यांची जुनी विद्यार्थिनी, अध्यक्ष मुक्ता, हिने मधोमध ताटात एक विडा ठेवला. कुणी उचलला नाही, तर उद्यापासून वाचनालय बंद.

सरांना जाग आली. जेवणानंतरचा विडा आपल्याच वाट्याचा राहिलाय असं समजून त्यांनी तो खुशाल तोंडात टाकला. टाळ्यांचा एकच कडकडाट झाला.

“सर, ‘अंडरटेक’ म्हणजे विडा उचलणं, हे आठवीत तुम्हीच शिकवलंत,” मुक्ता हसली. “दरबारात अवघड कामगिरीचा विडा ठेवायचे. जो उचलेल, त्याने ती पार पाडायची!”

निवृत्तीनंतर नसत्या उठाठेवी करणार नाही, असा शब्द सरांनी बायकोला दिला होता. नाही म्हणावं, तर तोंड गच्च भरलेलं. थुंकायला ते दाराशी धावले. तिथे बाहेरच्या कडीला उद्यासाठी आणलेलं नवंकोरं कुलूप लटकत होतं.

सरांनी कुलपाकडे पाहिलं आणि घोट गिळला.

“किल्ली दे,” आत येत ते म्हणाले. “आणि आता हे आमच्या घरी कोण सांगणार? ठेव ताटात दुसरा विडा!”