समोर कोण?

आत.

टेबलावर जाड कापड. वस्तू ठेवताना आवाज व्हायला नको म्हणून.

तपासणाऱ्या बाईंनी त्यावर कंगवा ठेवला. पेंटरनं तो निरखून पाहिला. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला. डोळे डॉक्टरांनी शाबूत ठरवलेले. बिघाड त्यांच्या मागे, मेंदूत.

"लांबट. काळं. एका बाजूला रेघा, सगळ्या सारख्या."

"म्हणजे काय असेल?"

"कुंपण?"

"अहो, रोज भांग कशानं पाडता?" शेजारून बायको.

"वहिनी, सांगायचं नाही."

बाईंनी ती वस्तू त्याच्या हातात दिली. बोट दात्यांवरून फिरलं मात्र, "हात्तिच्या! कंगवा."

मग किल्लीचं चित्र. त्यानं ते हुबेहूब कागदावर उतरवलं, खाचाखोचांसकट.

"झकास जमलंय ना? आता हे आहे काय, ते तुम्ही सांगा."

बाहेर. व्हरांड्यात, दोघीच.

"घरी सगळ्यांना ओळखतात," बायको म्हणाली.

"तुम्हाला?"

"घ्या! मला नाही ओळखणार तर कुणाला?"

"खोलीत शिरताना तुम्ही आधी बोलता का?"

"आले हो, म्हणते. सवय आहे."

"आज न बोलता या."

"नको." मग चपला काढत, "द्या तो तुमचा कोट."

पुन्हा आत.

चपला बाहेर. अंगावर बाईंचा पांढरा कोट. ती त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

कंगव्याकडे पाहिलं होतं तसंच त्यानं पाहिलं. कपाळ. नाक. मिटलेले ओठ. काही राहून जाऊ नये म्हणून पुन्हा कपाळ.

"इथल्याच ना तुम्ही?" त्यानं दाराकडे कान दिला. आवाज खाली आणला. "एक काम करा, बाई. बाहेर माझी बायको असेल. तोंडाला खळ नाही तिच्या, लगेच कळेल कोण ते. मला चेहरे ओळखू येत नाहीत, हे तिला सांगू नका. तिला वाटतं, मी तिला बघून हसतो."

तिनं ओठ आणखी घट्ट मिटले. मान हलवली.

"हललेलं कळतं मला," पेंटर म्हणाला. "उपकार झाले, बाई."