डावी कड वर

“निमित्त काय म्हणायचं आपल्याकडे?”

तोमिएने तोंड उघडलं. शब्द निम्माच बाहेर आला.

“परतीच्या...”

काउंटरमागच्या ओगिनोबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही. अशा मोठ्या दुकानात दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान.

परतीच्या भेटी दोन तऱ्हेच्या असतात. आजारातून उठलेला माणूस, आपल्याला बघायला आलेल्यांना पाठवतो, ती एक. घरातलं माणूस गेलं की अंत्यविधीला आलेल्यांना पाठवायची, ती दुसरी. बोलताना दोन्हींना ‘परतीच्या’च म्हणतात.

तोमिए पहिलीसाठी आली होती.

नवऱ्याचाच, शिगेजीचा, हट्ट होता. तो आत्ता पलीकडे टाय बघत उभा होता. पँट कमरेवरून घसरत होती, पट्ट्याला त्याने स्वतःच खिळ्याने नवं भोक पाडलं होतं. सायकलदुरुस्तीचं दुकान उघडायची त्याला घाई झाली होती.

“बरा झालो ना मी?” सकाळी तो म्हणाला होता. “मग लोकांना कळवायला नको? साबणच देऊ. आजार धुऊन निघाला म्हणून साबण. आणि तो शेजारचा कंजूष काजिता, त्याला मोठा डबा दे. इस्पितळात येऊन माझीच संत्री खाऊन गेला, पण आला तरी!”

“अहो, जरा दमाने. उन्हाळा झाल्यावर पाठवू की.”

“उन्हाळ्यापर्यंत लोक विसरतील मी आजारी होतो ते.”

पोटात व्रण होता, कापून काढला, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं. खरं नाव त्यांनी फक्त तिला सांगितलं, जिन्याच्या वळणावर. उघडलं आणि काही न काढता पुन्हा शिवलं. नवा तांदूळ बाजारात येईपर्यंत राहतील असं धरून चालू नका, म्हणाले. आणि त्यांना कळू देऊ नका, हातपाय गाळतील.

तेव्हापासून तोमिए हसत होती. घरात तो समोर, म्हणून. गल्लीत लोक अभिनंदन करायचे, म्हणून. न्हाणीघरातसुद्धा, कारण भिंत पातळ.

ओगिनोबाईंनी कागद अंथरला. करडा, बिननक्षीचा, दुखवट्याचा.

तोमिएने तो पाहिला आणि पाहिला नाही.

साबणाचा डबा तिरका ठेवला. एक कड उचलली, बोटाच्या कडेने दाबली. डबा एकदा उलटला, पुन्हा उलटला. कागदाचा आवाज फार छान येत होता. तोमिएला वाटलं, हा आवाज असाच चालू राहावा, आणि...

“एकाएकीच झालं असेल,” ओगिनोबाई हळू आवाजात म्हणाल्या. मान खाली, हात कागदावर.

आता बोलायला हवं होतं. नाही हो, तसलं काही नाही, बरे झालेत ते, ते काय तिथे उभे आहेत. एवढंच. हसून सांगायचं. हसण्याची सवय तर झालीच होती.

पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, जे होतं ते कुणीतरी होतं तसं बोललं होतं. एक परकी बाई, कागद दुमडता दुमडता.

तोमिए वाकली. विधवा वाकते तशी, दोन्ही हात मांडीवर जोडून.

“नाही,” ती म्हणाली. “एकाएकी नाही. फार सोसलं त्यांनी.”

सोसलं. भूतकाळातलं क्रियापद तोंडातून निघून गेलं, आणि त्याच्यामागून सगळंच आलं. रुमाल काढायलाही वेळ मिळाला नाही. ओगिनोबाईंनी वर न पाहता काउंटरवरून कागदी रुमाल पुढे सरकवला आणि घडी घालत राहिल्या. शुभकार्य असलं की उजवी कड वर येते. त्यांनी डावी वर घेतली, चिकटवली. वरून काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं चित्र असलेला पट्टा बसवला.

“काय गं, झालं की नाही?” मागून शिगेजीचा आवाज आला. “तो निळा टाय घेऊ का? माझा गळा बारीक झालाय, आता कुठलाही शोभेल.”

तोमिए वळली नाही. डोळे पुसणं म्हणजे डोळे पुसले हे दाखवणं.

तो शेजारी येऊन उभा राहिला. हात पुढे केला, डबा उचलला. काळा दोरा पाहिला. डबा उलटा केला, अंगठा डाव्या कडेवरून फिरवला. मग बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

चूक झाली, असं म्हणता आलं असतं. दुकानाची चूक, लगेच बदलून देतील. तोमिएने श्वास घेतला. पण ओल्या डोळ्यांची चूक कुणाच्या माथी मारणार?

शिगेजीने कमरेचा पट्टा वर ओढून घेतला. मग डबा जागच्या जागी, अगदी सरळ ठेवला.

ओगिनोबाई गोंधळल्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून, लवून, अदबीने त्यांनी विचारलं,

“गेलेले गृहस्थ... आपले कोण, साहेब?”

“धाकटा भाऊ,” शिगेजी म्हणाला. “दिसायला थेट माझ्यासारखा. त्यालाही बिचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं.”