जोड

रेल्वेचा ब्लॉक होता म्हणून गोजरबाईला रुळांवर उतरता आलं. अंबरनाथपुढच्या गाड्या बंद होत्या आणि मजूर जुनी खडी उपसत होते. तिच्या पिशवीत जितेशची एकच चप्पल होती. आनंदनगरच्या कंपनीत जाताना तिचा पोरगा इथंच रूळ ओलांडायचा. मागच्या वर्षी इथंच गाडीखाली गेला. तेराव्याला मेलेल्याच्या नावानं चपलांचा जोड दान करतात, पण तिनं नवा आणू दिला नव्हता. “त्याचाच देईन,” ती म्हणाली होती. “नवीन चपला चावतात त्याला.” मुकादमाला चप्पल दाखवत तिनं विचारलं, “दादा, हिच्या जोडीची गावली का?” तो तिला ताडपत्रीपाशी घेऊन गेला. खडीत सापडलेलं मजुरांनी तिथं टाकलं होतं. सँडल, लेडीज चपला, शाळेचा पांढरा बूट. जोड कशालाच नव्हता. “यात बघा, मावशी.” गोजरबाईनं एकेक उचलून पाहिलं. “दादा, यांच्या आया नाय आल्या?”