फलक कोरा पडला

निकाल आधीच सांगणारं यंत्र आल्यापासून जपानमधली बेसबॉलची मैदानं ओस पडली होती. हा मोसम शेवटचाच, असं ठरलंही होतं. त्रेचाळीस वर्षांचा कुनिहिरो बॅट घेऊन उतरला, तेव्हा फलकावर झळकलं, 'बाद होणार.'

कुनिहिरो पलीकडे जाऊन डावखुऱ्याच्या जागी उभा राहिला.

"अरे, हे काय चालवलंयस?" प्रशिक्षक इसोबे ओरडले.

"मी मुळात डावखुराच आहे, सर. लहानपणी आईने सवय मोडली."

यंत्राकडे याची नोंदच नव्हती. फलक कोरा पडला. तुरळक प्रेक्षक श्वास रोखून उभे राहिले. चेंडू आला, कुनिहिरोने जीव खाऊन फटका हाणला आणि चेंडू थेट कुंपणापार गेला.

दुसऱ्या दिवशी तिकीटखिडकीपुढे ही रांग लागली, आणि आत अख्खा संघ उलट्या हाताने सराव करत होता.