पाण्याची वाट

दिग्गी गावच्या झिलूअज्जाला लढायांच्या इतिहासाचं भारी वेड. नात मयूरी शाळेतून पुस्तकं आणायची, मोठ्यानं वाचायची आणि गड पडला की अज्जा दर वेळी तेच म्हणायचा, "भायरच्यांनी न्हाई पाडला. आतल्याच कुनीतरी वाट दावली."

आज तिनं नवं पुस्तक उघडलं. "वेढा पडण्याआधी शत्रूची दोन माणसं गावात आली. लोकांनी त्यांचा पाहुणचार केला. गावाला पाणी कुठून येतं, एवढंच त्यांनी विचारलं."

अज्जानं हात वर केला. सकाळी जमिनीच्या मोजणीला आलेल्या दोघा परक्यांनी रिकामे केलेले गूळपाण्याचे तांबे अजून ओट्यावरच होते.



"फुडं वाचू नगं गो. त्यास्नी झऱ्याची वाट मीच दावली."