तिसरी टेस्ट ड्राइव्ह

"अजून एकदा चालवून बघू," काकासाहेब म्हणाले, आणि सेल्समन शिवराजनं पुन्हा किल्ली उचलली.

आठवड्यातली ही तिसरी खेप. सोमवारी आले, बुधवारी आले, आज पुन्हा. साठीचे काकासाहेब आणि त्यांच्या पत्नी केसरबाई. छोटी एसयूव्ही घ्यायची होती. एक शिवराजच्या शोरूमची, दुसरी रस्त्यापलीकडच्या शोरूमची. किमती जवळपास सारख्या. केसरबाई पिशवीतून वही काढायच्या आणि ती छातीशी धरून, कुणाला दिसू नये अशा बेतानं काहीबाही लिहायच्या.

आज महिन्याची शेवटची तारीख. मॅनेजर मोनिका मॅडमनी सकाळीच सांगितलं होतं, "दोन महिने टार्गेट हुकलंय, शिवराज. आज सहापर्यंत एक तरी बुकिंग दे. नाही तर उद्या येऊ नको." मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनाही वरून कुणीतरी असंच बोलत असणार.

गाडी मुकुंदवाडीच्या दिशेनं निघाली. काकासाहेब चालवत होते, शिवराज शेजारी, केसरबाई मागं.

"गाव कुठलं म्हणाला तू?" मागून प्रश्न आला.

"गंगापूरकडचं, काकू. आई तिथंच असते."

"मग जेवायचं काय करतो?"

"डबा लावलाय. रविवारी मीच करतो. पिठलं जमतं. भाकरीचा मात्र नकाशा होतो."

केसरबाई हसल्या नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं. मायलेज लिहीत असतील, शिवराजला वाटलं.

"गाडीत तंबाखूचा वास येतोय."

"मी खात नाही, काकू. आधीच्या गिऱ्हाइकाचा असेल."

"सगळे असंच म्हणतात," काकासाहेब रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले.

पुढं स्पीडब्रेकर होता, नेहमीसारखा रंग उडालेला. गाडी चढली आणि मागून धप्पकन आदळली. काकासाहेबांची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली. गाडी कडेला घेऊन ते क्षणभर डोळे मिटून बसले.

"मणक्याचं ऑपरेशन झालंय," केसरबाई म्हणाल्या. "मार्चात. तेव्हापासून यांना लोणच्याच्या बरणीसारखं सांभाळतोय."

"बरणीला निदान कुणी बोलत नाही," काकासाहेब म्हणाले आणि पुन्हा गिअर टाकला.

शोरूममध्ये चहा आला. केसरबाईंचा हात लागला आणि अख्खा कप शिवराजच्या पांढऱ्या शर्टावर.

"लागला बाई धक्का," त्या म्हणाल्या. पण कपाकडं न बघता त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"असू द्या, काकू. तुम्हाला भाजलं नाही ना?" त्यानं रुमालानं टेबल पुसलं, मग शर्ट. दुसरा चहा सांगितला.

पावणेसहा झाले. बुकिंगचा फॉर्म टेबलावर उघडा होता. मोनिका मॅडम येऊन शिवराजच्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या, तोंडभर हसू घेऊन.

काकासाहेबांनी पेन उचललं. फॉर्मवर टेकवलं. परत ठेवलं.

"एकच विचारतो. माझ्या पाठीला कोणती बरी? तुझी का समोरची? ही म्हणते, तू सांगशील ती घ्यायची."

उत्तर शिवराजला पाठ होतं. ट्रेनिंगमध्येच घोटून घेतलं होतं. आमच्या गाडीचं सस्पेन्शन या किमतीत सगळ्यात भारी, सर. या महिन्यात निदान पन्नास जणांना त्यानं ते ऐकवलं होतं, आणि एकदाही जीभ अडखळली नव्हती. मॅडमचा हात खुर्चीच्या पाठीवर आला. भिंतीवरचं घड्याळ उगाचच मोठ्यानं वाजत होतं.

पण स्पीडब्रेकरवर मिटलेले ते डोळे काही त्याच्यासमोरून हलेनात.

"समोरची," तो म्हणाला.

मॅडमचा हात खुर्चीवरून निघाला.

"आमची मायलेजला बरी आहे. पण खड्ड्यात मागून आदळते. तुमच्या पाठीला नाही झेपायची, काका."

केसरबाईंनी वही मिटून पिशवीत टाकली. नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं आणि दोघं उठले. बरं म्हणाले नाहीत, येतो म्हणाले नाहीत. काचेच्या दाराबाहेर रिक्षा थांबवली, बसले आणि गेले.

मोनिका मॅडमनी कोरा फॉर्म उचलून ड्रॉवरमध्ये टाकला.

"आयकार्ड ठेवून जा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. त्यानंच जास्त लागलं.

सात वाजता शिवराज शेअर रिक्षाची वाट बघत फुटपाथवर उभा होता. फोन वाजला. गावाकडून आई, सारजाबाई. नोकरी गेल्याचं आईला कसं सांगायचं, याचे शब्द तो मघापासून जुळवत होता.

"आई, ऐक ना..."

"आधी माझं ऐक. चिडायचं नाय. तुझा बायोडाटा दिलता मी एका ठिकाणी, फोटोसकट. तुला सांगितलं असतं तर नाय म्हणाला असता. प्रेरणा नाव पोरीचं, बँकेत हाय. तिच्या आईबापाचा आत्ताच फोन आलता. लई खूश हायेत तुझ्यावर."

"माझ्यावर? मला कधी बघितलं त्यांनी?"

"आठवडाभर तुझ्या शोरूममधी येऊन बसत होते की. गाडीबिडी काय घ्यायची नव्हती त्यांना. समोरच्या दुकानातली ती गाडी दोन वर्षं झाली त्यांच्या दारात उभी हाय म्हणं. आता कांदापोहे नको म्हणले, सरळ तारीख काढू."

रिक्षा येऊन थांबली. शिवराज चढला नाही.

"फक्त एवढं विचारलं त्यांनी," सारजाबाई म्हणाल्या, "नोकरी पक्की हाय ना. म्हणलं, पोराच्या खरेपणावरच तर टिकलीय ती."